महिरपीतला आकडा

आमच्या साहेबांना वय विचारायची सोय नव्हती. विचारलं की आधी तेच आपल्याला तारीख विचारायचे. तारीख सांगितली की खिशातलं पेन काढून तळहातावर वजाबाकी करायचे आणि म्हणायचे, "आज अठ्ठावन्न वर्षं सात महिने. उद्या विचारलंत तर परत मोजावं लागेल." वेळ विचारली तरी तीच तऱ्हा. मिनिटापूर्वी त्यांनी घड्याळ पाहिलेलं आपण आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं असायचं, तरी ते पुन्हा मनगट वर करायचे. "मघाचे वाजलेले मी सांगत नसतो," म्हणायचे. माणूस घरी रिकामा बसलेला असता तर एक वेळ हसून सोडून दिलं असतं. पण हा माणूस नंदेसरीतल्या आमच्या केमिकलच्या कारखान्यात क्वालिटी विभागाचा प्रमुख होता आणि मला त्याच्या हाताखाली दीड वर्ष काढायचं होतं.

आम्ही दोघं दांडिया बाजारातलेच, गुजराती शहरातल्या मराठी वस्तीतले. सकाळी सात वाजता कंपनीची बस कोपऱ्यावर यायची. साहेब मारुतीच्या देवळामागच्या गल्लीतून डबा हलवत यायचे, चेहऱ्यावर भाव असा की बसच उशिरा आली आहे. त्यांचे पूर्वज संस्थानच्या फौजेत होते. घरी भिंतीवर तलवार टांगलेली होती आणि ते तिच्यावर टॉवेल वाळत घालायचे. मी एकदा त्यावरून काही बोलले तर म्हणाले, "बाई, गेली सत्तर वर्षं तिला दुसरं काम नाही." मग थांबले, बोटं मोजली आणि म्हणाले, "शहात्तर." मी तेव्हा चोवीस वर्षांची होते, तरी त्यांच्या लेखी मी पहिल्या दिवसापासून बाईच होते, आणि तुम्ही.

पन्नाशी उलटल्यावर हा गृहस्थ एक जाडजूड पुस्तक आणून पायथन शिकला होता. त्यातली एकच गोष्ट त्यांच्या डोक्यात अशी बसली की बाकीचं पुस्तक फुकट गेलं. ती गोष्ट अशी. आपण वाक्य लिहायचं आणि आकड्याच्या जागी महिरपी कंस घालायचा. त्या कंसात आकडा सांगायचा नाही, तो कसा काढायचा ते सांगायचं. वाक्याच्या पुढे एक एफ लावायचा. मग छापायच्या क्षणी संगणक स्वतः हिशेब करतो आणि ताजं उत्तर वाक्यात नेऊन बसवतो. बस, एवढंच. जगात लोक याच्यावर पाच मिनिटं घालवतात आणि पुढच्या धड्याकडे वळतात.

साहेबांनी मला ते तीन दिवस शिकवलं. "गणपतीला महिरप लावता ने तुम्ही घरी? महिरप वर्षभर माळ्यावर असते. गणपती दर वर्षी नवा. गेल्या वर्षीचा गणपती बसवतं का कुणी?"

"आमच्याकडे चांदीचा आहे," मी म्हटलं. "दर वर्षी तोच बसवतो."

ते माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

विभागातून जे जे बाहेर जायचं, मालाबरोबरची सर्टिफिकेटं, ड्रमवरची लेबलं, फाटकावरचा बोर्ड, त्या सगळ्यात त्यांनी या महिरपी घालून ठेवल्या होत्या. कुठल्याही वाक्यात हाताने आकडा टाइप करायचा नाही, हा त्यांचा कायदा. प्रयोगशाळेतून येणारा आकडा आपोआप महिरपीत पडला पाहिजे. मी पहिल्याच आठवड्यात एक फाइल दुरुस्त करताना तो वाक्यापुढचा एफ खाल्ला. झालं. चाळीस सर्टिफिकेटांवर ओलाव्याचा आकडा न येता महिरपी कंसासकट नुसता 'ओलावा' हा शब्द छापून गेला. ओलावा किती ते विचारायला अंकलेश्वरहून एका गिऱ्हाइकाचा फोन आला. "बेन, माल तो सरस छे, पण आमां भेज केटलो?" मला धरणी दुभंगावी असं झालं. साहेब मात्र खूश. दिवसभर सगळ्यांना सांगत फिरले, "बाई चुकल्या, पण बघा, वाक्याने थाप मारली नाही. कळत नव्हतं तर रिकामं राहिलं." असला साहेब असल्यावर माणसाने रडावं कुठे?

त्यांच्या या वेडाचा त्रास कारखान्यापुरता असता तरी चाललं असतं. लहरीपुऱ्यात एका फरसाणवाल्याच्या पाटीवर ऑइलपेंटने लिहिलं होतं, साठ वर्षांपासून आपल्या सेवेत. साहेब तिथून लीलो, म्हणजे ओला, चिवडा घ्यायचे आणि दर वेळी विचारायचे, "ही पाटी कधी रंगवली?" तो म्हणायचा बापाच्या वेळी. "मग साठ कसे?" असं दोन-तीन वर्षं चाललं. शेवटी त्या बिचाऱ्याने हात जोडले, "काका, तमे ज बदली आपो ने." त्याला वाटलं म्हातारा ओशाळेल. म्हातारा पुढच्या रविवारी शाळेची पाटी आणि खडू घेऊन हजर. स्टुलावर चढून त्यांनी साठच्या आकड्यावर ती पाटी तारेने बांधली, खडूने शहात्तर लिहिलं आणि दर दिवाळीच्या पाडव्याला पुसून नवीन लिहायचं असं त्याला बजावलं. पुढच्या रविवारी गेले तर पाटीवर लिहिलेलं, आज गरम कचोरी. साहेब चिवडा न घेता परत आले. सोमवारी बसमध्ये मला म्हणाले, "कचोरी गरम होती पण, मी हात लावून पाहिला."

पुतण्याच्या लग्नाच्या पत्रिकांचं काम कुणी त्यांना दिलं देव जाणे. लोक पत्रिकेवर नाव लिहितात आणि काम पतवून टाकतात. साहेबांनी चारशे पत्त्यांची यादी संगणकात घातली, कार्यालयापर्यंतचं अंतर काढलं आणि प्रत्येक पत्रिकेत खाली एक ओळ छापली, की आपण लग्नाआधी इतकी मिनिटे, म्हणजे अमुक वाजता घरून निघावे. प्रत्येकाला वेगळी वेळ. इंदूरच्या आत्याबाईंना आदल्या दिवशी दुपारी चार दहाला निघायचा हुकूम गेला. त्या वेळेवर निघाल्याही. पण कार्यालयाच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या मावशींच्या पत्रिकेवर आलं, आपण लग्नाआधी शून्य मिनिटे निघावे. मावशी फणकारल्या. "म्हणजे मी अक्षता पडल्यावर यायचं काय? नकोच असेन तर तसं तोंडावर सांगा." त्यांची समजूत काढायला साहेबांच्या बायकोला लीलो चिवड्याचे दोन पुडे घेऊन जावं लागलं. साहेब घरात बसून हिशेब पुन्हा तपासत होते. तो बरोबर होता.

त्यांची आणखी एक खोड होती. सकाळी आल्यावर संगणक सुरू करायचे आणि पडद्यावर काहीतरी वाचून कधी एकटेच हसायचे, कधी तोंड वाकडं करून "हात्तिच्या" म्हणायचे. काय ते कुणालाच माहीत नव्हतं. आम्ही समजायचो, राशिभविष्य असेल.

आता ते लग्न. त्यासाठी साहेब तीन दिवस रजेवर होते आणि त्याच तीन दिवसांत मी जी माती खाल्ली ती सांगितल्याशिवाय या माणसाबद्दल लिहिण्यात अर्थ नाही.

आमच्या फाटकावर एक बोर्ड होता, लाल दिव्यांचा. त्यावर रोज सकाळी गुजरातीत एक वाक्य यायचं, अपघाताशिवाय आज इतके दिवस. तो आकडाही साहेबांच्या महिरपीतला. अपघातांची नोंदवही संगणकावर होती. त्यातली शेवटची तारीख घ्यायची, आजच्या तारखेतून वजा करायची, उत्तर बोर्डावर. कुणी हात लावायचा नाही. त्या आठवड्यात आकडा नऊशे नव्याण्णववर आला होता. दुसऱ्या दिवशी हजार पुरे होणार म्हणून फाटकाशी मांडव घातला होता, पेढे सांगितले होते, मुख्य ऑफिसातली माणसं यायची होती.

आणि नव्याण्णवच्या दुपारी रमणभाईंचा हात भाजला. रमणभाई रिअॅक्टरवर काम करायचे. आमच्याच बसमध्ये मागच्या सीटवर बसून सगळ्यांना खारी शिंग, म्हणजे खारे शेंगदाणे, वाटायचे. एका व्हॉल्व्हमधून गरम कॉस्टिक उडालं आणि मनगटापासून कोपरापर्यंत कातडी सोलली. तो व्हॉल्व्ह गळतो हे ते महिनाभर सांगत होते. प्रथमोपचाराच्या खोलीत पट्टी बांधली, रिक्षात घालून घरी पाठवलं आणि तिथल्या माणसाने नियमाप्रमाणे नोंदवहीत नोंद केली.

पाच वाजता कारखान्याचे मोठे साहेब माझ्या टेबलाशी आले. कधी नाही ते खुर्ची ओढून बसले. उद्या सकाळी बोर्डावर एक दिसेल, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. "बेटा, नोंद का सोमवार को देख लेंगे," ते म्हणाले. "फर्स्ट एड ही तो है. तुम बस बोर्ड पे हजार रख दो."

आता मी काही दूधखुळी नव्हते. बोर्डावर हजार दिसला, त्याचे फोटो निघाले, की ती नोंद ठेवता येणार नाही. सोमवारी ती काढणार. नोंद गेली की चौकशी गेली, व्हॉल्व्ह गळतच राहणार, आणि रमणभाई आपले सुट्टी घेऊन घरी झोपलेले. पुढच्या पाळीत त्यांच्या जागी जो उभा राहील त्याचाही हात तिथेच जाणार. हे सगळं मला त्या खुर्चीत बसल्या बसल्या कळत होतं. पण माझी नोकरी पक्की करायचा कागद याच माणसाच्या टेबलावर पडून होता. आमचे साहेब असते तर त्यांनी सरळ नाही म्हटलं असतं. मी फाइल उघडली, महिरप पुसली आणि तिच्या जागी एक आणि तीन शून्यं टाइप केली. एक मिनिटसुद्धा लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी कार्यक्रम झाला. फोटोत मी आहे, पेढा खाताना.

आणि मग माझी जी अक्कल निघाली ती वेगळीच. बोर्डावरचा आकडा रोज आपोआप वाढायचा, कुणी कधी तो वाढवलाच नव्हता. हाताने घातलेला आकडा वाढत नाही, हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाही. कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी हजार. तिसऱ्या दिवशीही हजार. फाटकावरच्या चौकीदाराने मला विचारलंही, "बेन, आजे पण हजार?" मी म्हटलं, असेल काहीतरी, आणि आत गेले.

त्याच तिसऱ्या दिवशी साहेब लग्नाहून परतले होते, कपाळाला अजून अक्षता चिकटलेली. ते माझ्या मागून बसमधून उतरले आणि बोर्डासमोर उभे राहिले. बस वळून गेली तरी तिथेच. चौकीदाराला विचारलं, "काल किती होते?" तो म्हणाला, हजार. "परवा?" हजार.

वर येऊन त्यांनी डबा टेबलावर ठेवला. "कुणी?" एवढंच विचारलं.

"मी," म्हटलं. तेवढं मात्र मी म्हटलं.

"का?"

मी सगळं सांगितलं. माझ्या नोकरीच्या कागदासकट. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "रमणभाईंचा हात कसा आहे?"

मला माहीत नव्हतं. तीन दिवसांत मी फोनसुद्धा केला नव्हता. त्या प्रश्नाची मला इतकी लाज वाटली की आजही लिहिताना कान तापतात.

साहेबांनी माझ्या खुर्चीवर बसून महिरप परत घातली. नोंद अजून जागेवर होती, सोमवार यायचा होता. बोर्ड लुकलुकला आणि त्यावर आलं, अपघाताशिवाय आज तीन दिवस. दुपारी दोनला पाळी बदलली. एक पाळी बाहेर पडत होती, दुसरी आत येत होती. अडीचशे माणसं फाटकाशी थांबली आणि तीन दिवसांपूर्वी काय झालं, कुणाला झालं, हे एकमेकांना सांगायला लागली. त्यानंतर ती नोंद काढणं कुणाच्या बापाला शक्य नव्हतं.

मोठ्या साहेबांनी दोघांना बोलावलं. बोर्डाशी कुणी खेळ केला, त्यांनी विचारलं. त्यांना अर्थातच माहीत होतं की हजार कुणी घातला. पण ते विचारत होते ते तीन कुणी घातला. मी तोंड उघडायच्या आत आमचे साहेब म्हणाले, "बोर्ड मेरा है. हजार भी मेरी गलती, तीन भी मैंने किया. बाई को मालूम नहीं था." साहेबांना निवृत्त व्हायला दोन महिने होते आणि पुढे दोन वर्षं सल्लागार म्हणून ठेवायचं ठरलेलं होतं. ते तिथल्या तिथे रद्द झालं. माझ्या कागदावर मात्र पुढच्याच आठवड्यात सही झाली. बाहेर आल्यावर मी रडायला लागले तर साहेब वैतागले. "बाई, वांधा नाही. तसंही त्या दोन वर्षांत मला बसने यावं लागलं असतं."

व्हॉल्व्ह बदलला. रमणभाई महिन्याने आले, हात लाल, चकचकीत. बसमध्ये त्यांनी नेहमीसारखी शिंग वाटली. माझ्यासमोर पुडी धरली तेव्हा मी आकड्याचं सगळं त्यांना सांगून टाकलं.  त्यांनी पुडी आणखी पुढे केली. "लो ने, बेन," म्हणाले.

पण साहेबांचं माझं संपलेलं नव्हतं. बोर्ड दुरुस्त झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी संगणक सुरू केला तर पडद्यावर एक ओळ आली, "बाई, हाताने आकडा न घालता तुम्हाला आज १ दिवस झाला. अभिनंदन." मला असा राग आला म्हणून सांगू. माझ्यासाठी स्वतंत्र बोर्ड, फाटकावर असतो तसा. मी तरातरा त्यांच्या टेबलाशी गेले. "माझी चेष्टा करताय?"

"हो," म्हणाले आणि डब्यातली भाकरी मोडली.

दुसऱ्या दिवशी २. मग ३. ते निवृत्त झाले त्या दिवशी ५८. निरोप समारंभात त्यांना दिलेल्या चांदीच्या ताटलीवर चौतीस वर्षांची सेवा असं कोरलं होतं. ती उलटसुलट करून पाहत ते माइकवर म्हणाले, "पाच महिने वर आहेत. पण कोरलंय, त्याला काय करणार." त्यांचं भाषण एवढंच झालं.

ते गेल्यावर त्यांची खुर्ची आधी रिकामी राहिली, मग मला मिळाली. त्या ओळीची फाइल मी शोधून काढली, पुसून टाकायला. चार ओळींची होती. एक तारीख, एक वजाबाकी, एक महिरप. तारखेच्या वर त्यांनी टीप लिहिली होती, "ही तारीख बदलायची वेळ आली तर बाईंनी स्वतः बदलावी. इतर कुणाला कळायचं कारण नाही." मी फाइल बंद केली. पुसणार होते, राहून गेलं. रोज सकाळी ओळ येत राहिली. शंभर झाले, पाचशे झाले. हजार झाले तेव्हा मी पेढे आणले आणि विभागात कुणाला कारण सांगितलं नाही.

मग एका तपासणीच्या दिवशी, बाहेरची माणसं टेबलासमोर बसलेली असताना, टाकीच्या तापमानाचा दोन वाजताचा आकडा मिळेना. यंत्र मध्येच बंद पडलं होतं. एकचा बत्तीस होता, तीनचाही बत्तीस होता. दोनची महिरप रिकामी. मी तिथे बत्तीस टाइप केला. बहुतेक बत्तीसच असणार. तपासणी छान झाली, कुणाला काही कळलं नाही, कुणाचं काही बिघडलं नाही.

सकाळी संगणक सुरू केला तर पडद्यावर ११३७. अभिनंदन. रोजचाच शब्द, पण त्या दिवशी तो थोबाडीत मारल्यासारखा लागला. आधी मी तपासणीवाल्यांना कळवलं की दोनचा आकडा माझा आहे, यंत्राचा नाही. त्यांनी शेरा मारला, मोठ्या साहेबांची बोलणी बसली. मग फाइल उघडून तारीख बदलली, कालची घातली. ओळ पुन्हा आली, आज १ दिवस झाला.

रविवारी साहेब दांडिया बाजारात सेवउसळ खायला येतात, अजूनही. मी समोर जाऊन बसले आणि सांगितलं, "साहेब, माझा परत एकवर आला."

"किती होता?"

"अकराशे सदतीस."

 आता ते चांगलंच सुनावणार, असं मला वाटलं. मग त्यांनी पाव मोडला.

"माझाही होता एक, सकाळी संगणकावर यायचा," ते म्हणाले. "आठ वर्षं ठेवला होता. चाळीसच्या वर कधी गेला नाही, बाई."

आणि माझ्यासाठी एक प्लेट सांगितली, तिखट जास्त.